सही जुळत होती

नोव्हेंबर म्हणजे आमच्या बँकेच्या शाखेत पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांची जत्रा. २०१९ साली त्याच गर्दीत एका निवृत्त गुरुजींना त्यांचा मुलगा घेऊन आला. दाखला झाला. मग त्याने नॉमिनी बदलायचा फॉर्म पुढे सरकवला. आईच्या जागी स्वतःचं नाव, सगळं भरून तयार. "अण्णांची सही तेवढी घ्या, साहेब."

गुरुजींनी सही केली. काय सही! खालच्या रेघेसकट नमुना सहीशी तंतोतंत. पण फॉर्मवर काय लिहिलंय ते त्यांनी बघितलंच नव्हतं. मी मुलाला आधारची झेरॉक्स काढायला बाहेर पिटाळलं. (मशीन आतही होतं.)

"गुरुजी, काकूंचं नाव काढायचं का?"

"ती गेली ना," ते शांतपणे म्हणाले.

काकू मागच्याच आठवड्यात पासबुक भरायला आल्या होत्या.

मी फॉर्म घेतला नाही. "सही जुळतेय ना? मग अडचण काय?" मुलाचा आवाज चढला, रांग आमच्याकडे बघू लागली. त्याला वाटत होतं, नॉमिनी बदलला की पेन्शन आपली. अहो, कुटुंब निवृत्तिवेतन नियमाने आईलाच जाणार, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशपत्रावर, तिचं नाव आहे. हा फॉर्म खात्यातल्या शिलकेपुरता. आणि तिथेही नॉमिनी पैसे फक्त हातात घेतो, मालक वारसच. रामचंदर तलवार खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच तसं सांगितलंय. ऐकतंय कोण!

रविवारी सकाळी त्यांच्या गल्लीत काम होतं म्हणून डोकावलो. गुरुजी पेपर वाचत होते. मला ओळखलं, शाखेतल्या गर्दीवरून चिमटाही काढला. मग आपणहून म्हणाले, "नाव ह्याचंच घाला. हिला बँकेची पळापळ झेपायची नाही." दारात उभ्या काकूंनी मान डोलावली.

मी गार. करार कायद्याचं कलम १२ सांगतं की एरवी भान नसलेला माणूसही भानावर असताना करार करू शकतो. म्हणजे तेव्हा घेतलेली सही चालली असती. पण फॉर्म बँकेत.

सोमवारी दुपारी कोरा फॉर्म नि एक सहकारी घेऊन गेलो. काकूंनी चहा ठेवला. गुरुजी त्यांच्याकडे बघत मला हळूच म्हणाले, "या बाई कोण?"

मी पेन खिशात ठेवलं. मुलगाच म्हणाला, "राहू द्या, साहेब." फाटकापर्यंत सोडायलाही आला.