जिप्सीची प्रगती: पुढचा अ‍ॅक्सल झाला, ब्रेक झाले, जाम घाट उतरून आलो

मागची नोंद टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय: विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) कधी बसवतोस? यंदा तरी नाही. इंदूर-महू पट्ट्यात हौसेनं पाळलेल्या जिप्स्या पुष्कळ आहेत. छतावर एलईडीची माळ, पुढे जाडजूड बंपर, आणि ब्रेक ऑइलची टाकी उघडावी तर आतलं तेल कडक चहासारखं काळपट. (तो लोखंडी बंपर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो, ते वेगळंच.) माझा क्रम उलटा आहे. गाडी आधी थांबली पाहिजे, चढायचं नंतर बघू.

नव्यांसाठी थोडक्यात: गाडी मारुतीची एमजी 413 डब्ल्यू, म्हणजे 1298 सीसीची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली. 1985 साली आलेली पहिली जिप्सी 970 सीसीची होती, किंग 1996 ची. ही लिलावातली फौजी गाडी नाही, निमाडात शेतावर राबलेली आहे. त्यामुळे पत्रा बरा, पण ग्रीसचं निपल म्हणून काही असतं हे तिला कुणी कळूच दिलं नव्हतं.

पन्नास-साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत होतं. यावर बाजारातला ठरलेला इलाज म्हणजे स्टिअरिंग डॅम्पर. तो बसवला की हाताला थरथर जाणवत नाही, पण ढिला झालेला भाग ढिलाच राहतो. म्हणून आधी टायरचं बॅलन्सिंग आणि टायरॉडचे (स्टिअरिंगचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) सांधे तपासले, मग पुढचं चाक उचललं. वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवलं तर खटखट. मग मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितला. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं असतं तर चाकाचं बेअरिंग गेलेलं. इथे थांबलं नाही, म्हणजे दोष किंगपिनच्या, चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या, बेअरिंगमध्ये. या एका चाचणीनं नको ते सामान विकत घेणं वाचतं.

उघडल्यावर नकलच्या (चाकासोबत वळणाऱ्या सांध्याच्या) गोल हाउसिंगमध्ये ग्रीस आणि अ‍ॅक्सलचं तेल एकत्र होऊन काळा पातळ राडा झालेला. आतलं ऑइल सील गेलं की असंच होतं, आणि बाहेरचं रबर-फेल्ट कितीही नवं टाका, गळती परत येते. त्यामुळे दोन्ही सील, दोन्हीकडची किंगपिन बेअरिंगं, सगळं एकदमच बदललं. शिमा (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) बसवताना नकल फिरवायला किती जोर लागतो हे ताणकाट्यानं मोजायचं असतं. आमचे उस्ताद म्हणाले, "भिया, हाथ का अंदाज काफी है." त्यांच्या हाताचा अंदाज खरंच चांगला आहे. मी तरीही सर्व्हिस मॅन्युअलचा आकडा समोर ठेवून काटा लावला, कारण डावी-उजवी सारखी यायला हवी.

आता जॅकबद्दल, आणि यावर मी मुद्दाम लांबण लावणार आहे. गाडीखाली जाताना तिचं वजन घोडीवर (लोखंडी स्टँडवर) हवं, हायड्रॉलिक जॅकवर नव्हे. विटांवर तर कधीच नाही, वीट फुटण्याआधी सूचना देत नाही. घोड्या अ‍ॅक्सलच्या नळीखाली, जमीन काँक्रीटची, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. "गाडी गिअरमध्ये आहे ना, मग हलत नाही" हे जिप्सीत धोक्याचं वाक्य आहे. ट्रान्सफरच्या, म्हणजे फोर-व्हील लावायच्या, छोट्या दांड्याला 4एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) आणि 4एल (चारही चाकं, सावकाश पण जास्त ताकद) यांच्या मध्ये न्यूट्रल असतो. दांडा तिथे राहिला तर मोठा गिअर पहिल्यात असो की रिव्हर्समध्ये, चाकांना पत्ताच नसतो, आणि गाडी उताराकडे निघते. म्हणून ठोकळे आधी, जॅक नंतर.

ब्रेकचं काम फार रंजक नाही. मागचे व्हील सिलिंडर नवे, शू नवे, सगळं तेल काढून नवं भरलं, ब्लीडिंग केलं, म्हणजे नळ्यांतली हवा काढली. तेल हवेतलं पाणी शोषतं, घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. दोन वर्षांनी बदलायचं, रंग कसाही दिसो. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या ब्रशनं पुसा, मास्क लावा.

डिफरन्शियलचं (वळणात चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरांचं) तेल बदलताना आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच खालचा काढा. तेल सांडून गेलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच. पुढचं तेल दुधी निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. तापलेला अ‍ॅक्सल नाल्यात उतरला की आतली हवा आकसते आणि कमजोर सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदर (अ‍ॅक्सलमधली हवा आत-बाहेर जायची वाट) चिखलानं बुजला असेल तर हमखास. मी तो साफ करून नळीनं वर बॉनेटखाली नेलाय.

मग चाचणी. महूवरून जाम दरवाजा, तिथून मंडलेश्वरच्या बाजूला माळव्याचं पठार सोडून निमाडात उतार. डांबर कोरडं होतं, म्हणून फोर-व्हील लावलीच नाही. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधला, मधला डिफरन्शियल नाही. कोरड्या रस्त्यावर वळणात पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण शाफ्ट आणि गिअरवर साठतो, स्टिअरिंग जड होतं. टूएचमध्येच (फक्त मागची चाकं ओढतात), दुसऱ्या गिअरनं, इंजिनच्या ओढीवर उतरलो. ब्रेक टेकवले ते वळणांआधीच, आणि खाली पोचल्यावर पेडल पहिल्याइतकंच घट्ट होतं. थरथर गेली.

खाली एका शेतरस्त्यावर काळी माती ओली मिळाली. गाडी थांबवून पुढच्या चाकांचे दोन्ही हब (चाक अ‍ॅक्सलच्या शाफ्टला जोडणारे खटके) लॉक केले, नंतर 4एच. एक हब लॉक आणि एक मोकळा राहिला तर पुढून ओढ मिळत नाही, म्हणून उतरून दोन्हीकडे हात लावून बघतो. काळी माती टायरच्या नक्षीत भरली की टायर गुळगुळीतच समजा, तिथे चारही चाकं फिरून घसरतात. वेग कमी, पाय हलका. आडव्या उतारावरून तर नेलीच नाही. ही गाडी 1540 मिलिमीटर रुंद आणि त्याहून उंच, आडवी कलंडायला वेळ लागत नाही. चढ असो की उतार, सरळ रेषेत. चढावर इंजिन बंद पडलं तर क्लच दाबून मागे सोडायची नाही, वळवायची तर अजिबातच नाही. ब्रेक दाबून धरा, इंजिन सुरू करा, रिव्हर्स टाका आणि त्याच वाटेनं सरळ खाली या.

आता राहिलं प्रॉपेलर शाफ्टचं (चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचं). मधल्या छोट्या शाफ्टच्या क्रॉसमध्ये (सांध्यात) किंचित खेळ आहे, गिअर सोडताना टक आवाज येतो. पुढच्या डिफरन्शियलचं तेलही थोडं चालवून पुन्हा उघडून बघणार आहे. परत दुधी निघालं तर सील पुन्हा काढावं लागेल, आणि मग क्रॉसचं काम दिवाळीनंतर.