९४४ चे फॉग लाइट: बल्ब तोच, उजेड जास्त

पोर्शे ९४४ या जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या बंपरमधले फॉग लाइट (धुक्यात वापरायचे दिवे) अखेर कामाचे झाले. बल्ब मात्र तोच, साधा ५५ वॅटचा एच३ प्रकारचा हॅलोजन. एलईडीचा विचार मी सोडून दिला. एच३ ची फिलामेंट आडवी असते आणि रिफ्लेक्टर त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. तिथे पट्टीच्या दोन बाजूंना एलईडी चिकटवलेला बल्ब बसवला, की झोताची वरची कड पुसट होते, उजेड वर उधळतो आणि धुक्यात तो आपल्याच डोळ्यांवर परत येतो. भिंतीवर झगमगतं खरं, पण ते फोटोपुरतं.

मग मूळचा उजेड जात होता कुठे? इंजिन चालू, लाइट चालू ठेवून मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बपाशी १२.१. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे एवढ्याशा फरकाने एक तृतीयांश उजेड गायब! मोजताना बल्ब पेटलेलाच हवा. मोकळ्या कनेक्टरवर मोजलं तर करंटच वाहत नाही आणि कुजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवून आपल्याला बनवते.

पुढे मीटरचं एक टोक बल्बच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.९ व्होल्ट. निम्म्याहून जास्त तोटा एकट्या अर्थिंगचा निघाला. थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवट थर आणि गंज. तिशी ओलांडलेल्या गाडीत हे व्हायचंच. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवं थिंबल क्रिंप केलं, वरून ग्रीस.

उरलेला तोटा स्विचमार्गे येणाऱ्या लांबलचक जुन्या वायरचा. त्यावर उपाय रिले, म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच. बॅटरीपासून १५ अँपिअरचा फ्यूज (तो बॅटरीजवळच हवा), तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून २.५ चौरस मिमीची वायर दोन्ही लाइटना. जुनी फॉगची वायर ८६ ला, ८५ अर्थला. आता जुन्या स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ भार येतो. मूळ वायरिंग कुठेही कापलेलं नाही, हवं तेव्हा सगळं पूर्ववत करता येईल. बल्बपाशी आता १३.५ व्होल्ट मिळतात आणि फरक मीटरशिवायही कळतो.

काच साबणाच्या पाण्याने धुतली. रिफ्लेक्टरला कापडसुद्धा लावू नका, त्यावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा बोटानेही निघतो. मी नुसती हवा मारली. खालचं पाणी निचरायचं भोकही मोकळं केलं. कित्येक जण ते सिलिकॉनने बुजवतात आणि मग काचेत वाफ धरते म्हणून कुरकुरतात.

पिवळी फिल्म लावू का, असं काहींनी विचारलं होतं. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, त्यामुळे जुन्या युरोपियन गाडीला ते शोभतात, यात वाद नाही. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, पिवळा आणि पांढरा ते जवळपास सारखाच विखुरतात. पिवळा काहींच्या डोळ्यांना कमी बोचतो, एवढंच. फिल्म थोडा उजेड खाते, आणि तोच तर मी नुकता परत मिळवलाय.

झोताची उंची जुळवताना १० मीटरवरच्या भिंतीवर वरची कड लाइटच्या मध्यापेक्षा १५ सेंटिमीटर खाली ठेवली, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवून. डावा नीट बसला. उजव्याचा ॲडजस्टिंग स्क्रू गंजून जाम आहे, त्याला सध्या गंज सोडवणारं तेल पाजतोय. तो हलला की त्या बाजूचं माप घेईन.