फक्कीच्या रेघांवरची वारी

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या माणसाला सरळ चालणं बऱ्यापैकी जमतं. अडतं ते वळताना. मोरीच्या दारात, पलंगाकडे वळताना, मागून कुणी हाक मारली म्हणून फिरताना पाय जमिनीला खिळून बसतात. धड पुढे झुकतं, मन केव्हाच पुढे गेलेलं असतं, पण पाऊल उचलत नाही. प्रकार काही सेकंदांचाच, मात्र माणसं पडतात ती नेमकी तेव्हाच. घरच्यांना वाटतं, म्हातारा हट्टाने उभा आहे. मग ते हात धरून ओढतात आणि तोल आणखी जातो.

मी अमळनेरला फिजिओथेरपीचं काम करते. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना आप्पा म्हणू. बोरीकाठच्या एका गावातले कापूस लावणारे शेतकरी, वय सत्तरीपलीकडे. सखाराम महाराजांच्या दिंडीबरोबर वर्षानुवर्षं पंढरपूरला पायी जाणारे, दिंडीतले टाळकरी. कंपवात झाला तसं घरच्यांनी वारी बंद केली. ते बरोबरच होतं. पण त्यानंतर आप्पांनी चालणंच सोडलं. मी अंगणात दोन खुर्च्या ठेवून त्यांच्यामध्ये फेऱ्या मारायला सांगायचे, आणि ते एक फेरी मारून बसून घ्यायचे. एकदा म्हणाले, "कोठेच जानं नही, मंग चालनं कसाले?"

या प्रश्नाला मी फिजिओथेरपीच्या भाषेत उत्तर देऊ शकले असते. स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, तोल, बद्धकोष्ठता, सगळं. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांचं आयुष्यभराचं चालणं कुठेतरी पोहोचण्यासाठी होतं, आणि मी त्यांना दोन खुर्च्यांमध्ये फिरवत होते.

लॅबिरिंथ, म्हणजे जमिनीवर आखलेली वळणावळणाची चालायची वाट, याबद्दल मी आधी वाचलेलं होतं, तेही पेशंटांच्या नाही, ध्यानाच्या अंगाने. फ्रान्समधल्या शार्त्र गावच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकाच्या सुरुवातीला फरशीत बसवलेला एक आहे. अकरा वेढे, व्यास जवळपास तेरा मीटर, आणि आत पोहोचायची वाट अडीचशे मीटरच्या वर. ज्या भाविकांना जेरुसलेमची यात्रा झेपत नसे ते हीच वाट चालून यात्रा घडल्याचं मानत, अशी कथा तिथे सांगितली जाते. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात, पण वर्षातले काही महिने शुक्रवारी त्या हलवतात आणि लोक चालतात. 1991 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमधल्या लॉरेन आर्ट्रेस या धर्मगुरू बाईंनी त्याच आराखड्याचा कापडी लॅबिरिंथ तिथे अंथरला, आणि चालत ध्यान करण्याची ही रीत जगभर पुन्हा पसरली. आज परदेशात बऱ्याच इस्पितळांच्या आवारातही ही वाट आखलेली असते.

हे भूलभुलैयाचं कोडं नव्हे. भूलभुलैयात फाटे असतात, माणूस चुकतो. लॅबिरिंथमध्ये वाट एकच. ती कितीही वळली तरी मध्याला नेतेच, आणि त्याच वाटेने परत आणते. चालणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही. कंपवाताच्या माणसाला हे फार मोलाचं आहे, कारण चालता चालता दुसरं काही ठरवायला गेलं की त्याचं पाऊल अडतं. शिवाय वळणं भरपूर, म्हणजे ज्याचा सराव हवा तेच. आणि मध्य आहे, म्हणजे कुठेतरी जाणं आहे.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मुख्याध्यापकांनी पटांगण दिलं. खो-खोच्या रेघा मारायची फक्की तिथेच होती. मी सात वेढ्यांचा जुना आराखडा घेतला. ग्रीसमधल्या पायलोस इथे सापडलेल्या, सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या एका मातीच्या पाटीवर हीच रचना, चौकोनी रूपात, कोरलेली आहे. ती काढायला आधी एक मोठी अधिक खूण, तिच्या चार कोनांत चार काटकोन, आणि चार कोपऱ्यांत चार ठिपके. मग अधिकच्या वरच्या टोकापासून शेजारच्या रेघेच्या टोकापर्यंत कमान, त्याच्या बाहेरून दुसरी, तिसरी. मी कागद हातात घेऊन समजावत होते. पेशंटांबरोबर आलेल्या बायकांनी दोन कमानी पाहिल्या आणि पुढचं सगळं मला न विचारता काढलं. ठिपक्यांच्या रांगोळीचा हात, त्यांना काय सांगायचं! दोन रेघांमध्ये अडीच फूट ठेवले. अरुंद वाटेत पाय खिळतात, म्हणून त्यापेक्षा कमी नको होतं. आत जायची वाट साधारण सव्वाशे मीटर भरली.

आणि मग आप्पांच्या पत्नी, माय, रेघांच्या बाहेरच उभ्या राहिल्या. "हाऊ ते चक्रव्यूह शे," त्या म्हणाल्या. "अभिमन्यू मजार गया, बाहेर उना का?" आत गेला, तो बाहेर आला का, असं.

त्यांच्या भीतीला आधार होता. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर अभिमन्यूचा प्रसंग कोरलाय, तिथला चक्रव्यूह अशाच वेढ्यांचा आहे. आजारी नवऱ्याला त्यात पाठवायचं म्हणजे कुणाचंही मन कचरणार. पण आपल्याच देशात काही ठिकाणी अडलेल्या बाळंतिणीला याच चक्रव्यूहाचं चित्र दाखवायची, ते धुतलेलं पाणी पाजायची रीत होती, बाळाला बाहेरची वाट सापडावी म्हणून. मी मायला हे सांगितलं आणि म्हटलं, "आधी तुम्ही जाऊन या. परत आलात तर आप्पांना सोडा." त्या चप्पल काढून आत गेल्या. परत आल्या तेव्हा पदराने कपाळ पुसत फक्त एवढंच म्हणाल्या, "प्रदक्षिणा शे." त्यानंतर तिथे कुणीच चप्पल घालून गेलं नाही. ऊन चढायच्या आत आटपायचं हा नियम त्यातूनच आला.

आप्पांची सकाळची गोळी पोटात जाऊन तासभर झाला होता, म्हणजे औषधाचा असर भरात. त्यांच्या कमरेला मी पट्टा बांधला आणि मागे अर्ध्या पावलावर राहिले. टाळ त्यांच्या नातवाकडे दिला. तो बाहेर बसून सावकाश, एका ठेक्यात वाजवत होता.

या आराखड्याची एक गंमत चालल्याशिवाय कळत नाही. वाट आत शिरताच तिसऱ्या वेढ्यात घेते, मग दुसऱ्या, मग पहिल्या. म्हणजे चाललोय मध्याकडे आणि जातोय बाहेर. तिथून चौथ्यात, आणि चौथ्यातून एकदम सातव्यात, अगदी मध्याला खेटून. हात लांबवला तर पोचेल असं वाटतं. तिथूनच वाट पुन्हा सहाव्यात, पाचव्यात मागे नेते, आणि मगच मध्य येतो. चार वळणं घट्ट, दोन ऐसपैस. पहिली दोन घट्ट वळणं आप्पांनी टाळाच्या ठेक्यावर पार केली. मी मोजत होते, ते मोजत नव्हते, ओठ हलत होते.

सातव्या वेढ्याच्या टोकाला ते खिळले.

गुडघे थरथरायला लागले, टाचा उचलल्या गेल्या, धड पुढे. मी पट्टा घट्ट धरला. "थांबा आप्पा, पूर्ण थांबा. टाच टेकवा. भार उजवीकडे घ्या," असं सांगत होते. नातू घाबरून जोरात वाजवायला लागला. "पाय हालत नही," आप्पा म्हणाले. आवाजात लाज होती, आणि ती मला जास्त लागली.

त्याच वेळी मध्याहून परतणाऱ्या एक काकू समोरून आल्या. एकच वाट असल्यामुळे जाणारे आणि येणारे समोरासमोर येतातच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्याकडे येणाऱ्या, स्वतः वारकरी. त्या थांबल्या, "माउली" म्हणाल्या आणि जमतील तेवढ्या वाकल्या. वारीत समोरचा पाया पडला की आपणही पडायचं. आप्पा वाकले. मी त्यांना आयुष्यात कधी वाकू दिलं नसतं, कंपवाताचा माणूस पुढे वाकला तर तोंडावर जातो. पट्ट्यावर माझा सगळा भार होता. त्यांचा हात काकूंच्या पावलांपर्यंत गेला, मग कपाळाला. ते वर आले. काकू रेघेबाहेर सरकल्या. आणि आप्पांचं डावं पाऊल उचललं गेलं, वळणावर मोठा गोल घेत, मी सांगते तसंच.

याचं शास्त्र मला माहीत आहे. भार एका पायावरून दुसऱ्यावर गेला की खिळलेलं पाऊल सुटतं. लक्ष अडलेल्या पायावरून निघून दुसऱ्या, अंगवळणी पडलेल्या हालचालीकडे गेलं तरी सुटतं. दोन्ही तिथे घडलं. तरीही मी हे ज्या सरावाने घडवू शकत नव्हते ते एका नमस्काराने घडलं, आणि तो नमस्कार त्यांच्या अंगात चाळीस-पन्नास वर्षांच्या वारीने मुरवलेला होता. इतक्या जुन्या खोलात साठलेली हालचाल अडलेलं पाऊल सोडवू शकते, हे मला त्या सकाळी डोळ्यांनी दिसलं. माझ्या अभ्यासक्रमात उपचाराची सुरुवात पेशंटच्या दुखण्यापासून होते. आता मी आधी विचारते, तुम्ही आयुष्यभर कशासाठी चाललात? कुणी गडावर सप्तशृंगीला पायी गेलेलं असतं, कुणी रोज शेतावर, कुणी सासरहून माहेरी आखाजीला.

मध्यात पोहोचल्यावर आप्पा बराच वेळ उभे राहिले. मी बोलले नाही. मग स्वतःच म्हणाले, "कळस दखायना आन वाट मांगे फिरनी. पंढरपूरलेबी तसंच व्हस." वाखरीला पोहोचूनही पंढरपूर लगेच येत नाही, तिथे मुक्काम पडतो, गर्दी थांबते, वगैरे त्यांनी परतीच्या वाटेवर मला सांगितलं. परतीच्या वाटेवर ते बोलत चालले, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट होती. बोलताना चालणं त्यांना एरवी जमायचंच नाही.

आजार बरा झाला असं कुणी समजू नये. कंपवात वाढत जातो, आणि वाईट दिवशी आप्पा अजूनही मोरीच्या दारात खिळतात. फरक इतकाच, की माय आता त्यांना ओढत नाहीत. समोर उभं राहून "माउली" म्हणतात. वाकायला मी सक्त मनाई केली आहे, फक्त हात जोडून भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायचा. बहुतेक वेळा पाऊल निघतं.

पावसाने फक्की धुऊन गेली आणि शाळाही सुरू झाली. दिंडीतल्या आप्पांच्या जुन्या सोबत्यांनी एका भट्टीवाल्याकडून तुटक्या विटा आणल्या आणि क्लिनिकच्या मागच्या रिकाम्या जागेत, मालकाला विचारून, तोच आराखडा जमिनीत गाडला. विटा जमिनीच्या वर आलेल्या चालणार नाहीत, ठेच लागते, म्हणून प्रत्येक वीट पातळीत बसवून घेतली. यावेळी वाट तीन फुटांची ठेवली, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला रेघ ओलांडावी लागू नये म्हणून.