चढाचं सगळे सांगतात, उताराचं कोणी सांगत नाही (सातारा, मुंबई आणि कॉम्रेड्स)

आधीच सांगते, मी काही फास्ट रनर वगैरे नाही. वय 45, कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसायचं काम, आणि पळायला लागले ती शुगर बॉर्डरवर आली म्हणून. रंकाळ्याला फेऱ्या मारणाऱ्या बायकांचा एक ग्रुप होता, त्यात घुसले, आधी चालायचे, मग हळूहळू पळायला लागले, आणि मग एक दिवस ग्रुपमधल्या वहिनींनी न विचारता माझं नाव साताऱ्याच्या हाफला टाकून दिलं. तिथून सगळं सुरू झालं. आता ग्रुपवर नवीन मुली सारख्या विचारतात की ताई काय करायचं, काय न्यायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन, सप्टेंबर 2018. 21 किलोमीटर. ही रेस ज्यांना करायची आहे त्यांनी रजिस्ट्रेशन कधी उघडतंय यावर डोळा ठेवा, बघता बघता फुल्ल होतं. कोल्हापूरहून आम्ही आदल्या दिवशी एसटीने गेलो आणि स्टँडजवळ लॉज घेतला. गर्दी इतकी असते की आयत्या वेळी खोली मिळत नाही, हेही लिहून ठेवा.

सकाळी पोलीस परेड ग्राउंडवरून सुटलो तेव्हा भुरभुर पाऊस. गावातून पळताना मजा येते, लोक दारात उभे, शाळेची पोरं लेझीम खेळतायत, एक आजी तर तुळशीपाशी उभ्या राहून "पळा गं पोरींनो" म्हणत होत्या. राजवाडा, समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट सुरू, आणि मग बोलणं बंद. घाटाची धास्ती मला सगळ्यांनीच घातली होती म्हणून मी अगदी शहाण्यासारखी चढले, दोनशे पावलं पळायची, पन्नास चालायची, असं. धुकं एवढं की पुढच्या बाईचा फक्त गुलाबी टी-शर्ट दिसत होता. वर पोचले, कासच्या रस्त्याने पुढे वळणाचा पॉइंट आला, आणि मला वाटलं झालं, जिंकलं, आता काय उतारच आहे.

आणि सुटले! घाट उतरताना हात पसरून, लांब लांब ढांगा टाकत, अशी पळाले की शाळेत असतानाही पळाले नसेन. चढताना ज्यांनी मला मागे टाकलं होतं त्यांना मागे टाकलं, फोटोग्राफरला हात केला, सगळं. गाव आलं, रस्ता सपाट झाला आणि पाय म्हणाले, आता आम्ही नाही. मांड्यांच्या पुढच्या बाजूला कोणी दगड बांधल्यासारखं. शेवटचे तीन किलोमीटर मी कशीबशी ओढत आणले, आणि ज्यांच्या पुढे गेले होते ते सगळे एकेक करून, हसत, परत पुढे गेले. मेडल मिळालं, कंदी पेढे घेतले, स्टँडवर आलो. बसमध्ये चढले व्यवस्थित. कोल्हापूरला उतरताना मात्र बसच्या तीन पायऱ्या मला उतरता येईनात. कंडक्टरने हात देऊन उतरवलं, "काय मावशी, काय झालं?" म्हणाला. वय तेव्हा चाळीस होतं माझं. मावशी!

मग ग्रुपच्या सरांनी समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना मात्र तोच स्नायू ताणला जात असताना आपलं वजन पेलतो, ब्रेक मारल्यासारखं. त्यात बारीक बारीक फाटतं आतून. गंमत म्हणजे तेव्हा दम लागत नाही त्यामुळे आपल्याला कळतच नाही, आणि खरं दुखणं दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी येतं. पण एक चांगलं असतं, स्नायूला उताराची सवय लावता येते. एकदा नीट दुखवून घेतलं की पुढच्या वेळी तेवढाच उतार कमी दुखतो. म्हणजे उताराची पण प्रॅक्टिस करायची असते! हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, सगळे नुसते चढ चढ करत होते.

तेव्हापासून आम्ही पन्हाळा धरला. रिक्षाने वर जायचं (लोक हसायचे) आणि पळत खाली यायचं, तीन आठवड्यांतून एकदा. पावलं छोटी आणि भरभर, टाच आपटायची नाही, मागे झुकायचं नाही. मागे झुकलं की ब्रेक लागतो आणि सगळा मार गुडघ्यावर. आणि उताराला नखं बुटात पुढे आपटतात, म्हणून नखं दोन-तीन दिवस आधी कापायची, बूट अर्धा नंबर मोठा घ्यायचा, आणि लेस वरच्या भोकापर्यंत घट्ट ओढायची म्हणजे पाय पुढे सरकत नाही. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख दोनदा काळं पडून गळून गेलंय, त्यामुळे हे अनुभवाचे बोल समजा.

मुंबई, जानेवारी 2023, पहिली फुल, म्हणजे 42 किलोमीटरची मॅरेथॉन. मधली कोरोनाची वर्षं अशीच गेली, 2021 आणि 2022 च्या जानेवारीत ती रेस झालीच नाही. आम्ही शुक्रवारी रात्री महालक्ष्मीने निघालो, शनिवारी सकाळी सीएसएमटी, तिथून बीकेसीला बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला. रेसच्या दिवशी बिब मिळत नाही, त्यामुळे शनिवारी गाडी लेट झाली तर काय याचा विचार बाहेरगावच्यांनी करावा, जमलं तर शुक्रवारीच पोचा. बिब वाटतात तिथे स्टॉल्सचं प्रदर्शन असतं, त्या एक्स्पोमध्ये फिरत बसू नका, आम्ही तीन तास फिरलो, पाय तिथेच अर्धे संपले. उपनगरात राहणार असाल तर पहाटेच्या खास लोकल सोडतात, त्याचं टाइमटेबल आदल्या आठवड्यात पेपरात येतं.

रेसबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी लिहिलंय. सी लिंकवर एरवी पायी जाऊ देत नाहीत, त्यामुळे पहाटे तिथून पळताना अंगावर काटा येतो हे खरं. पण त्या सुखात लोक स्पीड वाढवतात, तसं करू नका, ऊन अजून यायचंय. माहीमपासून पुढे ऊन लागायला लागतं. सोसायटीतले लोक संत्र्याच्या फोडी, मीठ, बर्फ, बिस्किटं, काय काय घेऊन उभे असतात, एक काका घरच्या बागेला घालायचा पाइप घेऊन पाणी उडवत होते. पाणी अंगावर घ्या, पण बुटात जाऊ देऊ नका, ओले मोजे म्हणजे फोड आलेच.

आणि पेडर रोड. 35 किलोमीटर झाल्यावर येतो म्हणून तो डोंगर वाटतो, एरवी टॅक्सीतून जाताना चढ आहे हे कळणार पण नाही. मी तो निमूट चालत चढले. पलीकडे मरीन ड्राइव्हकडे उतार लागला तिथे मात्र पन्हाळा कामाला आला, छोटी पावलं, भरभर, आणि आजूबाजूचे पुरुष मांड्या धरून उभे होते तेव्हा मी टुकुटुकु पुढे. 4 तास 43 मिनिटं. परतीच्या गाडीत मला अप्पर बर्थ मिळाला होता हा एक वेगळाच प्रकार, समोरच्या काकांना विनवून लोअर घेतला. रिझर्व्हेशन करतानाच लोअर मागा.

ही 4:43 महत्त्वाची, कारण कॉम्रेड्ससाठी फुल मॅरेथॉन 4:50 च्या आत लागते. कॉम्रेड्स म्हणजे दक्षिण आफ्रिकेत, डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांच्या मधली रेस. 1921 साली व्हिक क्लॅपम नावाच्या, पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या माणसाने आपल्या मेलेल्या साथीदारांच्या आठवणीत सुरू केली, पहिल्या वर्षी 34 जण पळाले. साधारणपणे एक वर्ष खालून वर, पुढच्या वर्षी वरून खाली. 2023 ला डाउन रन होती, म्हणजे पीटरमारित्झबर्गहून खाली डर्बनला, 87.7 किलोमीटर. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, कोल्हापूरहून निपाणीला जाऊन परत येऊन अजून थोडं उरतं, आणि हे तू पैसे देऊन करणार?

कागदपत्रांचं आधी. व्हिसाला वेळ धरा, आमच्यातल्या एकाचा निघायच्या दोन दिवस आधी आला, त्याचं बीपी तेवढ्यात वाढलं. विमान आफ्रिकेतल्या पिवळ्या तापाच्या एखाद्या देशात 12 तासांपेक्षा जास्त थांबणार असेल तर लसीचा दाखला लागतो, तिकीट काढताना बघा. जून म्हणजे तिकडे हिवाळा. खाण्याचं टेन्शन घेऊ नका, डर्बनमध्ये आपल्या वंशाचे लोक भरपूर, पावाच्या पोकळ तुकड्यात उसळीसारखी बीन्सची करी भरून देतात, त्याला बनी चाऊ म्हणतात, एका बनी चाऊत दोघींचं पोट भरतं. पण ते रेसनंतर. आदल्या दिवशी मी सोबत नेलेलं मेतकूट आणि भात, बस.

शुक्रवारी मिनीबसने सगळा रूट बघून घेतला, हे जरूर करा, घाबरायला होतं पण करा. त्यातच पीटरमारित्झबर्गचं रेल्वे स्टेशन बघितलं, जिथे 7 जून 1893 च्या रात्री गांधीजींना गाडीतून उतरवलं होतं. आम्ही गेलो ती तारीख 9 जून, म्हणजे 130 वर्षं आणि दोन दिवस. छोटंसं लाल विटांचं स्टेशन. तिथे कोणी फार बोललं नाही.

रविवारी पहाटे अडीचला डर्बनहून स्टार्टला, म्हणजे पीटरमारित्झबर्गला जाणारी बस. ही बस आधी बुक करावी लागते. स्टार्टला कडाक्याची थंडी, जुना स्वेटर घालून जा आणि पळायला लागल्यावर टाकून द्या. सिटी हॉलसमोर हजारो माणसं, आणि ती सगळी तिथलं खाण कामगारांचं जुनं गाणं एका सुरात म्हणायला लागली. मला एक शब्द कळत नव्हता आणि मी रडत होते. मग स्पीकरवर कोंबड्याची बांग, मग तोफ. लक्षात ठेवा, रेस 12 तासांत संपवायची असते, आणि 2023 ला ते 12 तास तोफेपासून मोजले, तुम्ही स्टार्टची रेघ कधी ओलांडली त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

किलोमीटरचे बोर्ड उलटे असतात, किती झाले नाही, किती उरले ते लिहितात. पहिल्यांदा 80 दिसला तेव्हा पोटात गोळा आला. मी बोर्डकडे बघायचं सोडून दिलं. तिथे पेसरच्या (ठरलेल्या वेळेत पोचवायला पुढे पळणाऱ्याच्या) घोळक्याला बस म्हणतात आणि पेसरला ड्रायव्हर, मी 12 तासवाल्या बसच्या थोडी पुढे राहायचं ठरवलं होतं. ड्रायव्हर ओरडतो, बस चालते, ओरडतो, बस पळते. पाणी चौकोनी पिशवीत मिळतं, कोपरा दाताने फोडायचा आणि पिळायचं, आपल्याकडच्या पेप्सीकोलासारखं. घरी दुधाच्या पिशवीत पाणी भरून प्रॅक्टिस करू नका, मी केली, ओट्यावर तळं झालं. मीठ लावलेले उकडलेले बटाटे मिळाले की घ्याच, गोड खाऊन खाऊन जीव विटतो तेव्हा तो बटाटा म्हणजे अमृत.

नाव डाउन रन असलं तरी पहिल्या अर्ध्यात चढ कमी नाहीत. इंचांगा गावाच्या अलीकडे एका शाळेची अपंग मुलं रस्त्याकडेला रांगेत बसून हात पुढे करतात, प्रत्येकाच्या हाताला हात लावत गेले, त्यात एक मिनिट गेलं असेल, जाऊ दे. ड्रमंडला अर्धं होतं, तिथे कटऑफ आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचलं नाही तर बाहेर. त्याच्या पुढे डोंगराच्या कडेला आर्थर्स सीट नावाचा एक कोनाडा, पाचदा जिंकलेल्या आर्थर न्यूटनचा, तिथे फूल ठेवून "गुड मॉर्निंग सर" म्हणायचं, म्हणजे दुसरं अर्ध बरं जातं म्हणे. माझ्याकडे फूल नव्हतं, रस्त्याकडेचा गवताचा तुरा ठेवला.

आणि मग फील्ड्स हिल. जवळजवळ तीन किलोमीटर सरळ उतार, आणि तो येतो शेवटचे वीस-बावीस किलोमीटर उरलेले असताना, म्हणजे मांड्या आधीच गेलेल्या. धडधाकट पुरुष तिथे उलटे, पाठ खाली करून उतरताना बघितले मी. मला यवतेश्वर आठवला. मी हात अजिबात पसरले नाहीत. खाली बघितलं, छोटी पावलं, मनात एक-दोन-एक-दोन. तरी पाइनटाउनला पोचेपर्यंत डावी मांडी थरथरत होती, तिथल्या एका स्वयंसेवक मुलीने बर्फ चोळला. पुढे काउईज हिलचा चढ आला तेव्हा चक्क बरं वाटलं, चढताना दुखत नव्हतं!

डर्बनच्या किंग्समीड स्टेडियममध्ये शिरले तेव्हा अंधारायला लागलं होतं. 11 तास 38 मिनिटं, व्हिक क्लॅपमच्या नावाचं तांब्याचं मेडल. मेडल घेऊन गवतावर बसले आणि शेवटची मिनिटं बघितली. 12 तास होताना एक अधिकारी रेघेकडे पाठ करून उभा राहतो आणि गोळी झाडतो, म्हणजे कोण राहिलं ते त्याला दिसू नये. एक बाई दोन पावलांवर होती, माझ्याच वयाची. रस्ता बंद झाला आणि ती तशीच उभी राहिली. तिच्या पाठीवरच्या नंबरवरून ती आधी पाचदा पूर्ण करून गेलेली होती. मी वाटेतल्या स्टॉलवर जेवढा वेळ संत्री सोलत घालवला तेवढाच वेळ तिला कमी पडला असेल. स्टॉलवर उभं राहून खाऊ नका, घ्या आणि चालत खा.

हॉटेलवर आलो तर लोडशेडिंग. हो, तिकडे पण लोडशेडिंगच म्हणतात, आणि त्या वर्षी रोजचंच होतं. लिफ्ट बंद, आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. वर चढले, काही विशेष नाही. आंघोळ केली आणि मग भूक लागली, बनी चाऊचं दुकान खाली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले आणि पाय पुढे जाईना. शेवटी कठडा धरून, मोबाइलच्या उजेडात, पाठ खाली करून एकेक पायरी उतरले, तीन मजले, वीस मिनिटं. खाली वॉचमन टॉर्च घेऊन बघत होता, त्याने काही विचारलं नाही, नुसती खुर्ची सरकवली.

खोली बुक करताना तळमजला मागा.