शेपटी कुणाची ठेवायची

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर कॉम्प्युटर लावला तर ड्राइव्हचा पट्टा लालभडक. विमान उडवायच्या सिम्युलेटरला अपडेट हवा, अपडेटला जागा हवी, आणि जागा करायची म्हणजे कुणाला तरी घराबाहेर काढायचं. मग नेटवरून घेतलेलं सगळं ठेवायचा कम्युनिटी फोल्डर उघडून बसलो. एकेक लिव्हरी, म्हणजे विमानावर चढवायचा कंपनीचा रंग, शेकडो एमबीची, आणि गोळा करताना कुणी हिशोब ठेवलाय. बायको मागून चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "एकच तर विमान आहे, नुसते रंग वेगळे. एक ठेव ना." आता यावर काय बोलणार. कपाटातल्या साड्यांचा विषय जिभेवर आला होता, गिळला.

एकच विमान कसं असेल? नुसता एअरबसचा ए320 घ्या. त्यात इंजिन सीएफएम कंपनीचं की आयएईचं, पंखाच्या टोकाला जुनं छोटं बाणासारखं पातं की वर वळलेलं शार्कलेट, मग निओ, म्हणजे नव्या इंजिनांची आवृत्ती, निओत परत इंजिन प्रॅटचं की लीप. इंडिगोकडे 2016 मध्ये निओ आले ते प्रॅटवाले, पुढे 2019 मध्ये त्यांनी लीपची मोठी ऑर्डर दिली, म्हणजे दोन्ही खरे. पण सिम्युलेटरसाठी फुकटात मिळणारं फ्लायबायवायर गटाचं जे विमान आहे ते लीपवालं, 251एन. आणि लिव्हरी रंगवणाऱ्याने त्यावर प्रॅटवाल्या विमानाचा व्हीटी नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, टाकला असेल तर मी ती घेत नाही. नाहीच घेत. आता कोपरखैरणेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कोण येऊन तो नंबर तपासणार आहे, पण मला कळतं ना, अख्खं टेकऑफ तेच डोक्यात फिरत राहतं.

त्याहून वाईट म्हणजे जुन्या इंडियन एअरलाइन्सचा नारिंगी-पांढरा रंग आणून निओवर चढवतात. आजोबांच्या धोतराखाली स्पोर्ट्स शूज. आपले ते ए320 1989 पासून आले, व्ही2500 इंजिनवाले, आणि त्यांची खरी गंमत रंगात नाहीच, चाकांत आहे. बाकी जगाच्या ए320 ला मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकं, आपल्याकडच्यांना चार-चार. आपल्या कमी ताकदीच्या धावपट्ट्यांवर वजन पसरावं म्हणून खास मागवलेली. ज्याला ती आठ चाकं दाखवता येत नाहीत त्याने नारिंगी रंगाचा डबा उघडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी कुणालाही न विचारता सांगत असतो.

हे वेड लागलं गच्चीवर. वारा पश्चिमेचा असला की मुंबईची 27 नंबरची धावपट्टी चालू असते, आणि तिकडे उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात, खाडी ओलांडून पुढे घाटकोपर. आमच्याकडे येईपर्यंत दोनेक हजार फुटांवर आलेली असतात. मे महिन्यात आई गच्चीवर कुरडया घालायची आणि कावळे हाकायला मला आणि मामेभावाला बसवायची, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, हातात काठी. कावळ्यांकडे लक्ष कुणाचं होतं? पूर्वेकडून एक ठिपका यायचा, मोठा होत जायचा आणि शेपटीचा रंग दिसायच्या आत ओळखायचं. जेटला एक गुण, सहाराला दोन, डेक्कनला दोन, लाल किंगफिशर नवं नवं होतं तेव्हा त्याला तीन. एअर इंडियाचं जंबो आलं की खेळच संपला, ज्याने आधी ओरडलं तो जिंकला. मामेभाऊ सरळ 'जेट!' म्हणायचा नाही, '737-800, जेट' म्हणायचा, म्हणजे हरला तरी वट राहायची. 700 आणि 800 मधला फरक त्याला खालून लांबीवरून कळायचा की तो थापा मारायचा हे आजतागायत ठाऊक नाही. विचारलं की हसतो.

मला मात्र शेपटीपेक्षा पोट आवडायचं. अगदी वर आलं की पोटाखालची झाकणं उघडायची, चाकं एका दमात नाही, अडखळत अडखळत बाहेर यायची, आवाजाचा पोत एकदम बदलायचा, घरघर वाढायची, आणि बाबांची दुर्बीण हाताशी असली तर डाव्या पंखाखालचा व्हीटी नंबर वाचता यायचा. तो वहीत लिहायचा. वही कुठे गेली देव जाणे, बहुतेक रद्दीत. कुरडयांवर कावळ्यांच्या चोचींचे ठसे असायचे आणि दोघांना ओरडा.

पुढे मामेभावाने लॅमिंग्टन रोडवरून एफएस2004 या जुन्या फ्लाइट सिम्युलेटरच्या सीडी आणल्या. ओरिजिनल होत्या का वगैरे विचारू नका. त्यात विमानं खरी पण कंपन्या खोट्या, ऑर्बिट, पॅसिफिका, वर्ल्ड ट्रॅव्हल असली नावं. छत्रपती शिवाजी विमानतळावरून पॅसिफिकाचं 737 उडवायचं म्हणजे गणपतीच्या आरतीला कुणीतरी केक आणल्यासारखं व्हायचं — चला, साड्या गिळल्या होत्या, धोतर बोलून झालं, आता केक नको. मुद्दा असा की जेट हवंच होतं. मग सायबरमधून रिपेंट, म्हणजे लोकांनी रंगवलेल्या लिव्हऱ्या, उतरवायचे, पेन ड्राइव्हवर घरी आणायचे, टेक्श्चरचा फोल्डर जागेवर टाकायचा आणि एअरक्राफ्ट.सीएफजी ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून शेवटी एक परिच्छेद चिकटवायचा. त्यात फ्लटसिम शून्य, एक, दोन असे क्रमांक असतात. मधला एक चुकला, तीननंतर थेट पाच लिहिलं, की पाचपासून पुढचं सगळं गायब. एरर नाही, काही नाही, यादीत नावच नाही. रात्री अकरा वाजता पहिल्यांदा निळं-सोनेरी जेट मुंबईच्या धावपट्टीवर उभं राहिलं तेव्हा मामेभाऊ स्क्रीनसमोर उभा राहिला होता. उडवलं नाही. बाहेरून कॅमेरा फिरवत बसलो.

तर काढायचं कुणाला? यादी वरून खाली बघताना लक्षात आलं की फोल्डरमध्ये जिवंत माणसं फार कमी आहेत. किंगफिशर 2012 ला बंद. डेक्कन त्याच्याआधीच किंगफिशरच्या पोटात. सहाराचं जेटलाइट झालं आणि मग जेटच 17 एप्रिल 2019 ला बसलं, शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं ते रात्री. इंडियन एअरलाइन्सचं 2005 च्या शेवटी नुसतं 'इंडियन' झालं, शेपटीवर कोणार्कचं चाक आलं, आणि रंगाची सवय होतेय तोवर एअर इंडियात गेलं. विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये तिथेच. आता आमच्याकडे उलव्यालाही विमानतळ झाला, टेकडी कापून, नदी वळवून, डिसेंबर 2025 पासून विमानं सुरू आहेत, बाल्कनीतून पूर्वी नव्हती अशी विमानं दिसतात, पण बहुतेक सगळी दोनच घरची. इंडिगो, नाहीतर एअर इंडियावाले. पोरांनी आता गुण कशाचे मोजायचे? निदान एअर इंडिया एक्स्प्रेस शेपटीवर चित्रं काढते, तेवढाच आधार.

शेवटी इंडिगोच्या दोन लिव्हऱ्या काढून टाकल्या. त्या काय, बाल्कनीत गेलं की दिसतात.

जागा झाली तर अपडेट करायचा सोडून दुसरंच डाउनलोडला लावलं. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरवरचं 747-200, म्हणजे जुनं जंबो, छोटा वरचा मजला, तीन माणसांचं कॉकपिट, फ्लाइट इंजिनिअरच्या खुर्चीसकट. त्यावर एअर इंडियाची ती खिडक्यांभोवती लाल झरोके काढलेली लिव्हरी. विमान आहे की राजवाडा असा प्रश्न पडावा. त्या विमानांची नावंही तशीच होती, सम्राटांची. शाहजहान, राजेंद्र चोल. आणि अशोक, 1971 मध्ये आलेलं पहिलं जंबो, आणि कनिष्क.

रिपेंट घेताना नंबर निवडावा लागतो. इतक्या वर्षांत मी अशोक घेतलेला नाही. बाबा सांगायचे, नवीन वर्षाचा पहिला दिवस होता, 1 जानेवारी 1978, दुबईला निघालेलं विमान रात्री सांताक्रूझवरून उडालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. 213 माणसं. विमान उजवीकडे वळून सरळ झालं होतं, पण कॅप्टनसमोरचा आडवा-तिरपा कल दाखवणारा काटा अजून उजवीकडेच कललेलं दाखवत होता, खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, बाहेर बघून खात्री करायला काही नाही. कॅप्टन विमान डावीकडे वळवत गेला. कनिष्क 1985 मध्ये, आयर्लंडजवळ, बॉम्बने, 329. सिम्युलेटरमध्ये काटा बिघडवायचं बटण असतं, त्यात टिक केली की बिघडतो. लोक सरावासाठी करतात आणि करावाही. मी ते बटण कधी लावलेलं नाही.

शाहजहान घेतला. मुंबई-दुबई लावलं, प्रोग्रामने रात्रीची वेळ धरली होती ती बदलून दुपारी चारची केली, आणि बायकोला म्हटलं, अजून अर्धा तास लागेल.