दोन मिलिमीटर

११.६. पिवळं. संगीच्या धाकटीच्या दंडाचा घेर, लेकरू कुपोषित आहे का ते दाखवणाऱ्या रंगीत पट्टीनं मापलेला. वहीत लिहूनही टाकलं मी. अंगणवाडीच्या ताईंनी पुन्हा पट्टी लावली तर ११.४, म्हणजे लाल. दुपारपासून ते दोन मिलिमीटर डोक्यातून जात नाहीत.

काम तसं सोपं. डावा हात कोपरात काटकोनात दुमडायचा, खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत मापून बरोबर मध्यावर पेनानं खूण करायची. मग हात सरळ खाली सोडायचा आणि खुणेवर पट्टी. कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. सुरकुती पडली तर जास्त ओढली, मधून उजेड दिसला तर सैल. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे गंभीर कुपोषण, १२.५ पर्यंत पिवळं, म्हणजे मध्यम, पुढं हिरवं. लेकरू रडताना मूठ आवळतं, दंड ताठतो, माप चुकतं. संगीची धाकटी तर रडलीही नाही. "बांगडी," म्हणाली नि हात पुढं केला.

म्हणजे चूक माझीच. इतके शनिवार अंगणवाडीत घालवायचे आणि एक पट्टी धड लावता येऊ नये. ताई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

वजनकाट्याचं असं नसतं. रिकामी झोळी टांगून काटा शून्यावर आणला, पाय कुठं टेकत नाहीत ना बघितलं, काटा हलायचा थांबला की वाचलं. पट्टीत आपली बोटं असतात. आणि बोटांना ठाऊक होतं: लाल आलं की दवाखाना. भूक तपासा, दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहतो का बघा (राहिला तर पट्टी काहीही म्हणो, गंभीरच), मग कदाचित भरती. ऊसतोडीची टोळी परवा निघतीय, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कधीच घेऊन झालीय. संगी मागं राहिली तर कोयताच, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडीच, मोडते. मुकादम काय म्हणंल ते... जाऊ दे.

पिवळं मलाच हवं होतं. वहीत पिवळंच राहिलं असतं तर पोरगी उसाच्या फडात गेली असती आणि तो दंड पुन्हा पट्टीखाली यायचा तो थेट पाडव्याच्या सुमाराला.

हात सैल सोडू नकोस, असं आई पैशाबद्दल म्हणायची.

तिसऱ्यांदा दोघींनी मिळून मापलं. ११.४. वहीत खाडाखोड झालीय, राहू दे. उद्या सकाळी ट्रॅक्टर भरायच्या आत संगीला गाठायचंय. ताई बोलतील, मी नुसती उभी राहणार.

पट्टी काढून घेतली तेव्हा मात्र पोरीनं भोकाड पसरलं. मग ताईंनी कपाटातली ती जुनी, चुरगळलेली पट्टी शोधून तिच्या मनगटाला गुंडाळली. मापाला निकामी, पण बांगडीला चालते.