पौषातलं केळवण: मैत्रिणींचे दोन दिवस सोलापुरात

सोलापूर, पौष. शुक्रवार, रात्र

नवरीच्या मैत्रिणी पुण्या-मुंबईहून येणार म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सोलापुरात बघायला काय आहे? मला वाटतं, तो प्रश्न बाजूलाच ठेवावा. सोलापूर हे खाण्याचं गाव आहे. दोन दिवसांची आखणी जेवणाच्या वेळांवर बेतली की देऊळ, किल्ला, बाजार मधल्या वेळात आपोआप बसतात. उलट केलं, म्हणजे तुळजापूर, अक्कलकोट आणि नळदुर्ग एकाच शनिवार-रविवारात कोंबलं, की सगळ्याजणी गाडीत बसून राहतात आणि रात्री दमलेल्या तोंडाने जेवतात. तुळजापूर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर आहे हे खरं. पण लग्नाआधी देवीला जायचं ते घरच्यांबरोबर, त्यांच्या रीतीने. नळदुर्गच्या पाणी महालावरचे धबधबे पाहायचे तर पावसाळ्यात यावं, आत्ता तिथे पाणी कोसळत नसतं.

वेळ मात्र पौषाचीच साधावी. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हुरडा असतो, आणि पौषात बहुतेक घरांत लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत. माघात लग्न असलेल्या नवरीला हा महिना मोकळा सापडतो. अंगाला हळद लागायला अजून अवकाश असतो, पाहुणे आलेले नसतात, आईचा फोन दर तासाला वाजत नसतो. तेच एप्रिल-मेमधलं लग्न असेल तर इथलं ऊन चाळिशीच्या पुढे गेलेलं असतं. तेव्हा बाहेरचं सगळं सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर करावं लागतं, आणि हुरड्याचं नावच काढायचं नाही.

संक्रांतीच्या आसपासचा शनिवार-रविवार धरायचा असेल तर तो पूर्ण विचार करून धरावा. तेव्हा सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजेच सिद्धरामेश्वर, यांची गड्डा यात्रा असते. भोगीच्या दिवशी तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो: सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, येतात, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं चारही बाजूंनी लोटतात आणि अख्खं शहर हातात अक्षता घेऊन उभं राहतं. लग्नाला निघालेल्या मुलीने हे एकदा पाहावं असं मला फार वाटतं. पण त्या दिवसांत लॉजच्या खोल्या मिळत नाहीत, मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात आणि रिक्षा अलीकडेच सोडते. अर्धा-पाऊण तास चालायची तयारी आणि सपाट चप्पल हवीच.

गाडीची तिकिटं साठ दिवस आधी उघडतात. मुंबईहून वंदे भारत आणि पुण्याहून हुतात्मा, दोन्ही शुक्रवारी रात्री सोलापुरात आणून सोडतात. ते सोयीचं आहे. अडचण परतीची. त्याच दोन गाड्या इथून भल्या सकाळी सुटतात, त्यामुळे रविवारी त्यांनी परतायचं म्हणजे रविवार गेलाच. मुंबईकरांनी रविवारी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरावी, सोमवारी सकाळी मुंबईत. पुणेकरांना अडीचशे किलोमीटरचा रस्ता आहे, दुपारी चारला निघालं तर रात्रीच्या जेवणाला घरी पोचता येतं.

राहायला सगळ्यांनी एकत्र, शक्यतो एखाद्या मैत्रिणीच्या घरी वरच्या मजल्यावर, किंवा लॉजमध्ये एकाच मजल्यावर. लॉजवर प्रत्येकीचं ओळखपत्र मागतात, एकीचं दाखवून भागत नाही.

शनिवार, रात्र

हुरड्याचं शेत ठरवताना दरापेक्षा आधी चार गोष्टी फोनवर विचाराव्यात. कणसं स्वतःच्या रानातली आहेत की बाहेरून आणतात? वाण कोणता? आगटी किती वाजता पेटते? बायकांसाठी संडास स्वच्छ आणि पाण्याचा आहे का? वाणात गुळभेंडी किंवा सुरती असं उत्तर आलं तर जायचं. नुसतं “ज्वारीचाच आहे ताई” असं आलं तर दुसरा फोन लावायचा. मंगळवेढ्याची मालदांडी भाकरीला राणी आहे, हुरड्याचा गोडवा मात्र हुरड्याच्याच वाणात.

सकाळी साडेनऊपर्यंत शेतावर पोचावं. कणीस हातात घेऊन एक दाणा नखाने दाबून बघावा. पांढरा, दाटसर चीक आला तर तो हुरडा. पाण्यासारखा पातळ आला तर दाणा भाजताना आकसून नुसती साल राहते. चीकच आला नाही तर दाणा भरून गेलाय, तो कितीही भाजला तरी दाताखाली चिवट लागतो. दिवसागणिक फरक पडतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी परत एकदा फोन करून “उद्याचं रान कसं आहे” हे विचारण्यात लाजू नये. चांगला शेतकरी सरळ सांगतो.

आगटी म्हणजे जमिनीतला उथळ खड्डा आणि त्यात पेटवलेल्या गोवऱ्या. जाळ पूर्ण खाली बसून वर राखेचा थर आणि आत लाल निखारा, अशी झाली की कणसं राखेत खुपसायची आणि फिरवत राहायची. तीन-चार मिनिटं पुरतात. घाईने जाळावर धरली तर वरचं बोंड काळं होतं, आतला दाणा कच्चाच राहतो आणि सगळ्याला धुराचा कडवटपणा येतो. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातांत चोळायचं, दाणे सुटले की पाखडून कोंडा उडवायचा. हे चोळणं सवयीच्या हातांनाच सोसतं. हौस म्हणून प्रत्येकीने एक कणीस चोळावं, बाकी भाजणाऱ्या मावशींवर सोपवावं. लांब नखं लावलेल्या आणि नुकतीच मेंदी काढलेल्या मुलींनी तर त्या भानगडीत पडूच नये.

कपड्यांचं आधी सांगून ठेवायला हवं. ज्वारीची कूस, म्हणजे कणसावरची खाजरी लव, बारीक असते, मानेला आणि कोपरांना चिकटली की दिवसभर खाजवते. पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता आणि डोक्याला ओढणी घ्यावी. जाळीचे, सॅटिनचे, फोटोसाठी खास शिवलेले कपडे जेवणानंतर सावलीत घालावेत. नवरीने त्या आठवड्यात फेशियल किंवा ब्लीच केलं असेल तर तिला आगटीपाशी आणि उन्हात बसवू नका. ताज्या त्वचेला उष्णता आणि धूर दोन्ही बाधतात, आणि लग्नाआधीचा काळवंडलेला चेहरा महिनाभर जात नाही.

माणशी दीड-दोनशे ग्रॅम हुरडा भरपूर होतो. दहाजणींना दोन किलो. पण तो एकदम भाजून पातेल्यात भरून ठेवायचा नाही, गार हुरडा चामड्यासारखा होतो. पावशेर-पावशेर भाजत, चटणी, दही, गूळ, रेवड्या पुढ्यात घेऊन, गप्पा मारत खायचा. शेंगाची चटणी तर हवीच, सोबत लसणाची असली तर फारच चांगलं. नंतर ताक. हुरडा पोटाला जड असतो, म्हणून दुपारचं जेवण तीनच्या आत मांडू नये आणि ते हलकंच असावं: धपाटी, दही, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी. पुष्कळ ठिकाणी हुरड्यानंतर तासाभरात पुरणपोळीचा बेत वाढतात. तो आग्रह नम्रपणे नाकारावा, नाहीतर रात्रीच्या मटणाला कुणाच्याच पोटात जागा राहत नाही.

संध्याकाळी शेंगाची चटणी कुटायचा कार्यक्रम ठेवावा. मला दोन दिवसांतला सगळ्यात आनंदाचा भाग हाच वाटतो, कारण सगळ्याजणी एका उखळाभोवती बसतात आणि फोन आपोआप बाजूला पडतात. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजायचे. साल तडकते आणि दाणा फोडून बघितला तर आतपर्यंत फिकट सोनेरी दिसतो, तेव्हा उतरवायचे. पूर्ण गार होऊ द्यायचे, सालं पाखडायची, थोडी राहिली तरी बिघडत नाही. उखळात आधी पन्नास ग्रॅम सोललेला लसूण, दोन चमचे जिरं आणि तीन लहान चमचे मीठ कुटायचं. मग दाणे मूठमूठ टाकत जायचं. शेवटी पन्नास ग्रॅम लाल तिखट. दाण्याचं तेल सुटून चटणी मुठीत दाबल्यावर गोळा धरायला लागली की झाली.

बिघडते ती दोन ठिकाणी. दाणे कोमट असताना कुटले तर त्यांची वाफ चटणीत अडकते आणि आठवडाभरात खवट वास येतो. लसूण धुऊन ओलाच टाकला तरी तेच. मिक्सरमध्ये करायचीच असेल तर बटण थांबून थांबून दाबावं. सलग फिरवली तर आधी कोरडी भुकटी होते आणि पुढे एकदम लगदा, उखळातला रवाळपणा काही येत नाही. ताटात घेताना वर कच्चं करडईचं तेल सोडावं. एकेक लहान पिशवी भरून प्रत्येकीच्या हातात दिली की परतीची भेटही झाली. नवरीची बरणी वेगळी, ती सरळ रुखवतात जाते.

रात्रीच्या मटणाआधी एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्यावी: कोण खातं, कोण खात नाही, आणि खात नाही त्यांना त्याच टेबलावर चालतं का. इथे लिंगायत आणि जैन घरं पुष्कळ, मैत्रिणींत दोघी-तिघी तरी शाकाहारी असतातच. त्यांच्यासाठी शेंगदाण्याची आमटी, पिठलं आणि कडक भाकरी वेगळ्या भांड्यात आधीच सांगून ठेवावी. ऐन वेळी “रस्सा बाजूला करून भाजी खा” असं कुणालाही म्हणायची वेळ येऊ नये.

मटण खाणाऱ्यांनी खानावळीत दुपारीच किलोंत ऑर्डर द्यावी. दहाजणींत सात खाणाऱ्या असतील तर दोन किलो पुरतं. आधी अळणी, म्हणजे तिखट-मसाल्याशिवायचा मटणाचा रस्सा, वाढायला सांगावं, मग सुकं, मग काळ्या मसाल्याचा रस्सा. अळणी हा पोटाचा आधार आहे. तो टाळून थेट तिखट रस्स्यावर आलं की मुंबईकर मैत्रिणी अर्ध्या भाकरीत थांबतात. भाकरी चुरून रस्सा वर घ्यायचा, बुडवून खाल्ल्याने ती मजा येत नाही. नवरीला पित्ताचा त्रास असेल तर तिने अळणी आणि सुकं यांवरच थांबावं, आग्रह करणाऱ्यांना बाकीच्यांनी आवरावं.

गाणी-नाच जेवणाआधी उरकावा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, आणि शेजारच्या आजोबांशी वाद घालून कुठलंच केळवण रंगत नाही. मेंदी जेवणानंतर, तीही लहान आणि हाताच्या मागच्या बाजूला, कारण सकाळी हाताने खायचं आहे. झटपट काळी चढणारी “काळी मेंदी” मात्र कुणीही लावू नये. तिच्यातल्या रसायनाने काहींना फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. लग्न तोंडावर असताना तो धोका कशाला?

रविवार, दुपार

सकाळी सातला सिद्धेश्वर. तलावाच्या मधोमध देऊळ, पाण्यावर गारवा, शेजारी भुईकोट किल्ल्याची तटबंदी. तासभर पुरतो. तिथून पूर्व भागात नाश्ता. पद्मशाली विणकरांची ही वस्ती, बोली तेलुगू, त्यामुळे इडली-डोसा इथे घरचा असतो. आदल्या रात्रीच्या तिखटावर हाच उतारा.

बाजार अकराच्या सुमारास भरात येतो. साड्यांसाठी चाटी गल्ली. बांगड्यांचं माप मेंदीआधी घेतलेलं असावं. मापातला दुसरा आकडा इंचाचे सोळावे भाग सांगतो, म्हणजे दोन-चार म्हटलं की आतला व्यास सव्वादोन इंच. मनगटावरून अंदाज करू नये, अंगठा आत मुडपून हाताचा सगळ्यात रुंद भाग मोजावा.

चादर घेताना उलटीकडून बघावी: जॅकार्ड मागावर विणलेल्या चादरीत तीच नक्षी मागे रंग बदलून दिसते. छापलेली असेल तर मागची बाजू फिकी आणि पुसट. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा “सोलापुरी” म्हणून विकणाऱ्याला ती कुठे विणली हे बिनदिक्कत विचारावं. पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात.

कडक भाकरी शेवटी घ्याव्यात, पत्र्याच्या डब्यात उभ्या रचाव्यात आणि मधे कागद घालावा. पिशवीत आडव्या टाकल्या तर कुर्डुवाडी यायच्या आत चुरा होतो. चुरासुद्धा वाया जात नाही, दह्यात कालवून वर चटणी घालावी.

पैशांचं एकीनेच बघावं. निघण्यापूर्वी सगळ्यांकडून सारखी रक्कम घ्यावी, शेताचा आगाऊ, मटण, गाडी त्यातूनच. खरेदी ज्याची त्याची. नवरीचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा, आणि तो आधीच भागून घ्यायचा, म्हणजे बिलाच्या वेळी तिला पर्स उघडावी लागत नाही. उरलेल्या पैशांची टॉवेलची जोडी घेऊन तिच्या सामानात टाकावी. सोलापुरी टॉवेल संसारात पहिल्या दिवसापासून लागतो.